निकाल लागल्यानंतरचे शहाणपण

आमच्या मोर्शीत दोन विषयांचे तज्ज्ञ फुकट मिळतात. एक संत्र्याचे आणि दुसरे क्रिकेटचे. बहुधा दोघांची बैठकही एकच असते. सकाळी सातला एस. टी. स्टँडाजवळच्या टपरीवर जाऊन बसलात, तर आंबिया बहार का गळला आणि विदर्भाच्या संघात कोणाला घ्यायला नको होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अर्ध्या कप चहात मिळतात. मी त्या बैठकीचा जुना सभासद आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. शिक्षण बेताचे असल्यामुळे कोणत्याही विषयावर ठाम मत द्यायला मला कधी अडचण पडली नाही.

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. केरळविरुद्धचा तो सामना अनिर्णित राहिला. पण पहिल्या डावात आपल्या ३७९ धावा आणि त्यांच्या ३४२, त्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला. दुसऱ्या डावात करुण नायरने १३५ धावा काढून केरळची उरलीसुरली आशा संपवली. दुसऱ्या दिवशी टपरीवर दिवाळीच होती. एक वयस्कर गृहस्थ बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मी तं पह्यलेच म्हणत होतो, हा गडी कामाचा हाय."

सगळे हसले. कारण बरोबर एका वर्षापूर्वी, मार्च २०२४ मध्ये, वानखेडेवर मुंबईने आपल्याला अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवले, तेव्हा याच बाकावर बसून याच गृहस्थांनी विचारले होते, "हा बाहेरचा गडी कायले आणला जी? आपले पोट्टे का मेले होते?" गडी तोच, त्याला आणण्याचा निर्णयही तोच. मधे बदलला तो फक्त निकाल. मीही हसलो, पण घरी येताना सायकलच्या चाकाबरोबर तो प्रश्न माझ्या मनात फिरू लागला. निर्णय चांगला की वाईट हे ठरते तरी केव्हा? घेताना, की निकाल लागल्यावर? आणि निकालावर ठरत असेल, तर निर्णय घेणाऱ्याचे त्यात कर्तृत्व काय आणि अपराध तरी काय?

प्रश्न खेळाचा आहे असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. मुलीला स्थळ निवडताना, मुलाला शाखा निवडताना, शेतात काय पेरायचे ते ठरवताना आपण सगळेच निवड समितीवर असतो. खेळात फक्त धावफलक असतो, म्हणून चूक चटकन दिसते. किंवा दिसल्यासारखी वाटते.

विदर्भाचीच गोष्ट घ्या. १९५७–५८ पासून आपण रणजी खेळत आलो आणि साठ वर्षे आपल्याला कोणी मोजले नाही. विदर्भाशी सामना म्हणजे बड्या संघांना हक्काचे गुण. मग २०१७–१८ चा हंगाम आला. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, कर्णधार नागपूरचा फैज फजल, आणि सोबत चाळिशीला टेकलेला वसीम जाफर. जाफर मुंबईचा; २०१५–१६ पासून तो विदर्भाकडून खेळू लागला होता, पण २०१६–१७ चा सबंध हंगाम दुखापतीमुळे बाहेर बसला होता. त्याला पुन्हा घेतला, तेव्हा नाके मुरडणारे थोडे नव्हते. म्हाताऱ्या बैलाला नवी झूल कशाला, असेच त्यांचे म्हणणे.

त्या हंगामात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशी उपांत्य सामना झाला. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटकाने ३०१ केल्या आणि त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३. होय, तोच करुण नायर, तेव्हा तो आपल्याला झोडपत होता. दुसऱ्या डावात विदर्भाला सावरले ते गणेश सतीशने ८१ धावा काढून, आणि हा गणेश सतीश मूळचा कर्नाटकाचाच. शेवटच्या दिवशी रजनीश गुरबानीने ६८ धावांत सात बळी घेतले आणि कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला. आपण पाच धावांनी जिंकलो. पुढे इंदूरला दिल्लीविरुद्ध गुरबानीने हॅट्ट्रिक केली, अक्षय वाडकरने आयुष्यातले पहिले शतक ठोकले आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून करंडक विदर्भात आला. लगेच सर्वत्र लिहून आले की, पंडितांना आणण्याचा आणि जाफरला ठेवण्याचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता!

मी मात्र त्या पाच धावांपाशी अडकून बसतो. ईडनवर कर्नाटकाच्या शेवटच्या जोडीने आणखी सहा धावा काढल्या असत्या तर? एक चौकार आणि दोन एकेरी धावा. एखादा चेंडू बॅटीची कड घेऊन स्लिपमधून निसटला असता, की झाले. मग पंडितांचा निर्णय चुकलेला ठरला असता का? म्हातारा बैल म्हणणारे द्रष्टे ठरले असते का? निर्णय तर उन्हाळ्यातच होऊन गेला होता. डिसेंबरातल्या एका चेंडूने मागे जाऊन मे महिन्यातला माणूस शहाणा किंवा मूर्ख कसा करावा?

आपल्याकडे निवडीची सर्वांत जुनी आणि प्रसिद्ध कथा महाभारतात आहे. दुर्योधन आणि अर्जुन दोघेही श्रीकृष्णाकडे मदत मागायला आले. एकीकडे निःशस्त्र कृष्ण, दुसरीकडे त्याची सारी नारायणी सेना. पहिली निवड अर्जुनाची. अर्जुनाने कृष्ण घेतला आणि दुर्योधन सेना मिळाली म्हणून खूश होऊन घरी गेला. लहानपणापासून आपण या जागी दुर्योधनाला हसत आलो आहोत. पण क्षणभर निकाल बाजूला ठेवा. ज्याला युद्ध जिंकायचे आहे त्याच्यापुढे एक माणूस ठेवला आहे, तोही शस्त्र न धरण्याची अट घालून, आणि समोर अफाट सेना आहे. आपल्या टपरीवरच्या बाकावर हा प्रश्न टाकला असता तर दहांतल्या नऊ जणांनी सेनाच मागितली असती. दुर्योधनाची चूक हिशेबाची नव्हतीच. कृष्ण कोण आहे हे त्याला इतक्या वर्षांत कधी ओळखावेसे वाटले नाही, ही त्याची चूक. आणि ती त्या दिवसाच्या फार आधी होऊन गेली होती.

अमेरिकेत फुटबॉल म्हणून एक खेळ आहे. तो बहुतेक हातांनीच खेळतात. तेथे कॉलेजातून निघणाऱ्या खेळाडूंची दर वर्षी धंदेवाईक संघांत वाटणी होते. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत मागे पडला त्याला पहिली निवड मिळते. पंगतीत सर्वांत भुकेल्याला आधी वाढावे, तसे. २००० सालच्या वाटणीत टॉम ब्रॅडी नावाच्या खेळाडूचा क्रमांक १९९ वा लागला. त्याने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले. आता त्याला सोडून देणाऱ्यांना सारे जग हसते. पण ज्या संघाने त्याला घेतले त्यानेही आधीच्या फेऱ्यांत दुसऱ्यांचीच नावे पुकारली होती! म्हणजे जे हसण्याजोगे ठरले त्यांनाही तो दिसला नव्हता आणि जे धन्य ठरले त्यांनाही.

आपल्याकडे २००८ पासून आय. पी. एल.मध्ये वाटणीऐवजी लिलाव होतो. अमरावतीचा जितेश शर्मा दोन हंगाम मुंबईच्या ताफ्यात होता, पण सामना मिळाला नाही. २०२२ च्या लिलावात पंजाबने त्याला वीस लाखांत घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळूरने अकरा कोटी मोजले, तेव्हा अमरावतीतही काही लोकांनी भुवया उंचावल्या. २७ मे २०२५ च्या रात्री लखनौला त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि भुवया खाली आल्या. पण त्या रात्री तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता तर अकरा कोटी पाण्यात गेले, असे म्हणणारी तोंडेही तीच असती.

प्रशिक्षकांचे तर विचारूच नका. पंडितांनी विदर्भाला लागोपाठ दोनदा करंडक मिळवून दिला. पुढे २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाला जिंकवले. तेवीस वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ते स्वतः मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना अंतिम सामना हरले होते. तेव्हा त्यांच्या कडक शिस्तीचे गोडवे गायले गेले. २०२४ मध्ये ते प्रशिक्षक असताना कोलकात्याने आय. पी. एल. जिंकली. २०२५ मध्ये कोलकाता आठव्या क्रमांकावर घसरली आणि पंडित बाजूला झाले. संघ जिंकला की शिस्त आणि हरला की जाच. नाव तेवढे बदलते.

आमच्याकडे संत्र्याच्या झाडाला बहार येण्याआधी पाणी तोडून ताण देतात. ताण दिल्याशिवाय फूल नाही; ताण जास्त झाला तर झाड वाळते. किती द्यायचा हे जमीन पाहून ठरते. माझ्या थोरल्या भावाने शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतून कलमे आणली, तेव्हा मीही बरोबर होतो. जंबेरीचा खुंट आहे ना, डोळा जमिनीपासून पुरेसा उंच भरला आहे ना, मुळी दुखावली नाही ना, हे तो एकेक रोप हातात घेऊन पाहत होता. पाच-सहा वर्षे त्याने ती बाग लेकरासारखी वाढवली आणि पहिलाच चांगला बहार गारपिटीने झोडपला. शेजारच्याने विचारले, "कलमं नीट पाहून नाई आणले का?" भाऊ काही बोलला नाही. कलम निवडताना त्याने जे पाहायचे ते सारे पाहिले होते. आकाश पाहण्याची सोय रोपवाटिकेत नसते.

कादंबरीकार म्हणून या बाबतीत मी अधिक अपराधी आहे. कादंबरीचा शेवट मला आधी ठाऊक असतो. मी शेवटाकडून मागे येतो आणि जो पात्र सुखी व्हायचा असतो त्याच्या हातून दुसऱ्या प्रकरणातच शहाणा निर्णय करवून घेतो. वाचकाला वाटते, पाहा, शहाणपणाचे फळ! प्रत्यक्षात फळ आधी लागलेले असते आणि शहाणपण मी मागाहून चिकटवलेले असते. अशा पुस्तकांवर पोसलेल्या समाजाने विजयी माणसाचा प्रत्येक निर्णय शहाणा मानला, तर त्यात माझाही थोडा हातभार आहेच.

येथवर येऊन मी थांबलो असतो तर लेख छान झाला असता. निकाल हा निर्णयाचा न्यायाधीश नव्हे, निर्णयाच्या वेळी काय माहीत होते त्यावरून त्याची पारख करावी, असे म्हणून मी आपणा सर्वांस शुभ दीपावली चिंतिली असती. पण हा विचार मला इतका गोड वाटू लागला की, मला त्याचा संशय आला. जो विचार आपल्याला फार सुखाने झोपू देतो तो एकदा उठवून तपासावा. आणि तपासायला बसलो तेव्हा मला एक यादी आठवली.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती आणि ड्रॉइंगचे तास कमी. तेव्हा कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडला. कबड्डी मला तशी येत होती. मुले पहाटे साडेपाचला मैदानावर यायची. त्यांत एक मुलगा सर्वांच्या आधी येई. त्याचे वडील संत्र्याच्या हंगामात हमाली करीत, आई तोडणीला जाई. तो यायचा, मैदानावर पाणी शिंपायचा, चुन्याच्या रेषा मारायचा आणि मग डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाईत बेताचा, पण घोट्याला हात घातला की सुटका नाही. दोन वर्षे त्याने एक दिवस चुकवला नाही.

तिसऱ्या वर्षी वर्धेच्या काठच्या एका खेड्यातून एक नवा मुलगा मामाकडे शिकायला आला. उंच, दणकट, एका चढाईत दोन-दोन गडी बाद करून यायचा. तालुक्याचे सामने आम्ही जिंकलो आणि जिल्ह्याच्या सामन्यांसाठी अमरावतीला जायची वेळ आली. बारा मुलांची यादी द्यायची होती. सात मैदानात, पाच राखीव. नव्याला सातांत घेतला आणि त्यासाठी रचना बदलताना जुन्याची कोपऱ्याची जागा गेली. हा निर्णय मी आजही कोणापुढेही मांडीन. संघाला चढाई करणारा हवा होता, तो त्या मुलाहून निःसंशय चांगला होता.

पण मग तो जुना मुलगा राखीव पाचांत तरी असायला हवा होता. तो त्यांतही नव्हता. बारावे नाव मी एका वेगळ्याच मुलाचे लिहिले. तो महिन्यातून चार दिवस मैदानावर येई. त्याच्या वडिलांची मालवाहू गाडी होती आणि अमरावतीपर्यंतचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर संघाला फुकट नेऊन आणायला ते तयार झाले होते. त्यांनी माझ्याकडे काही मागितले नव्हते. "पोरगं बी येईन ना सर, सोबत?" एवढेच हसत विचारले होते. शाळेकडे प्रवासाला पैसे नव्हते. गाडी नसती तर बाराही मुले घरीच राहिली असती, असे मी स्वतःला सांगितले. ते खोटे नव्हते. पण वर्गणी काढता आली असती, एस. टी.ने जाता आले असते. गाडी सोपी होती.

शनिवारी दुपारी मी यादी फळ्यावर लावली आणि लगेच चारच्या बसने एका नातेवाइकाकडे निघून गेलो. तसे जायचे काही कारण नव्हते.

जिल्ह्यात आम्ही पहिले आलो. नव्या मुलाने मैदान गाजवले. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो आला, त्यात मी मधोमध. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी माझ्या "पारखी नजरे"चा उल्लेख केला. कोणी दबक्या आवाजात जुन्या मुलाबद्दल बोललेच, तर मी नव्या मुलाकडे बोट दाखवी आणि समोरचा गप्प बसे. त्या बारा नावांत जे एक नाव खोटे होते ते अकरा खऱ्या नावांच्या पाठीमागे अगदी छान लपून गेले. ते पोरगे दिवसभर मैदानाच्या कडेला बसून होते. त्याला एक मिनिटही उतरवावे लागले नाही. त्याच्या जागी तो जुना मुलगा असता तरी आम्ही जिंकलोच असतो, आणि कोणीच नसते तरी जिंकलोच असतो.

आता माझ्या वरच्या गोड विचाराचे काय झाले ते पाहा. निकालावरून निर्णय जोखू नये, हे खरेच. पण त्याचा अर्थ एवढाच नाही की, हरलेल्याला दोष देऊ नये. जिंकलेल्याला निर्दोषही ठरवू नये, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो मी सोयीने विसरलो होतो. गारपिटीने माझ्या भावावर आळ घेतला. विजयाने माझा आळ पुसला. दोन्ही वेळी निकाल खोटेच बोलला. एवढेच की, माझ्या बाजूने बोललेले खोटे मला ऐकू आले नाही.

निर्णयाच्या वेळी काय माहीत होते, एवढे विचारून तरी भागते का? मला सारे काही माहीत होते. माहितीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो, मला काय हवे होते, याचा. ज्याला आपले खरे कारण दुसऱ्याला सांगता येत नाही त्याची निवड तेथेच सडलेली असते. शनिवारची ती चारची बस मला याचा पुरावा वाटते. नव्या मुलाला का घेतले, हे मी त्या जुन्या मुलाच्या डोळ्यांना डोळा भिडवून सांगू शकलो असतो. बारावे नाव का लिहिले, हे सांगू शकलो नसतो. म्हणून बस गाठली.

मनाला हे टोचत असावेच, कारण पुढल्या वर्षी मी उलट टोक गाठले. एक कष्टाळू, रोज येणारा, पण पायाने मंद असलेला मुलगा मी सातांत घेतला आणि त्याच्याहून सरस मुलाला राखीव बसवले. मला वाटले, मी न्याय करतो आहे. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत आम्ही तीन गुणांनी हरलो. परतताना संघाचा कप्तान माझ्या शेजारी बसला होता. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून तो म्हणाला, "सर, आमी काय केलं होतं?" तो निकालाबद्दल विचारत नव्हता. त्याला कळले होते की, मी कोणाचे तरी जुने देणे त्यांच्या खिशातून फेडले आहे. एकावरची माया दहांच्या श्रमातून द्यायची, हीसुद्धा गाडीवाल्याच्या पोराचीच गोष्ट. फक्त ती सांगायला बरी वाटते.

म्हणूनच एकलव्याच्या कथेतला द्रोण मला अलीकडे वेगळा दिसतो. अर्जुन सर्वश्रेष्ठ धनुर्धर झाला. प्रशिक्षकाच्या निवडीचा निकाल याहून चांगला कोणता लागणार? तरी तो अंगठा कोणत्याही विजयाने परत चिकटला नाही. व्यासांनी तो अंगठा कथेतून वगळला असता तर युद्धाचा निकाल बदलला नसता. त्यांनी तो ठेवला. शेवट माहीत असूनही ज्याने हिशेब पुसला नाही असा तो कथाकार.

निवडणाऱ्याचे असते तसे निवडलेल्याचेही एक देणे असते, आणि ते कसे ठेवावे हे मला त्या म्हाताऱ्या बैलाने शिकवले. जाफर दुखापतीने बाहेर होता त्या वर्षीचे पैसे विदर्भाने त्याला दिले होते. पुढल्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. तसे न करता त्याने पैसे घेतले असते तर कोणी नाव ठेवले नसते. व्यवहार पुरा झाला होता, हिशेब मात्र त्याने उघडा ठेवला. त्याच हंगामाच्या शेवटी, मार्च २०१८ मध्ये, इराणी करंडकाच्या सामन्यात चाळीस वर्षांच्या जाफरने नागपुरात २८६ धावा काढल्या. त्या धावा नसत्या तरी ही गोष्ट मी सांगितली असती, असे मला वाटते. निदान तसे वाटावे असा प्रयत्न आहे.

आणि २०२५ च्या त्या अंतिम सामन्यात आणखी एक खेळाडू होता, त्याच्याबद्दल टपरीवर कोणी फारसे बोलले नाही. आदित्य सरवटे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राविरुद्ध अकरा बळी घेऊन, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद करून, ज्याने विदर्भाला दुसरा करंडक मिळवून दिला तो हा डावखुरा फिरकी गोलंदाज या वेळी त्याच जामठ्यावर केरळकडून खेळत होता, आणि त्याने आपल्याविरुद्ध ७९ धावा काढल्या. त्याच हंगामात विदर्भाच्या तरुण हर्ष दुबेने, तोही डावखुरा फिरकीच, ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातला विक्रम केला. संघ पुढे जातच असतो आणि जायलाच हवा. पण ज्या टाळ्या दुबेसाठी वाजल्या त्यांतली एखादी सरवटेच्या ७९ धावांसाठीही वाजायला हरकत नव्हती. जुन्या माणसाची जागा नव्याला देणे यात पाप नाही. जागा देताना जुन्याचे नाव विसरणे हे मात्र आपण टाळू शकतो.

गेल्या वर्षी संत्र्याच्या हंगामात वरूडच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये मला तो चुन्याच्या रेषा मारणारा मुलगा भेटला. आता तो माणूस झाला आहे. तेथे फळांची प्रतवारी चालते आणि तो त्यावर देखरेख करतो. कोणते फळ दूर जाईल, कोणते जवळच्या बाजारात विकायचे, कोणते बाजूला टाकायचे, ते त्याचे हात न पाहता ओळखतात. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी एकदाचे त्या यादीचे काढले. गाडीचे खरे कारण सांगितले. बारा वर्षे तोंडात धरलेला घास होता तो.

तो हसला. "ते तं आमाले तवाच माहीत होतं जी. सगळ्या पोट्ट्याइले माहीत होतं."

मला वाटत होते, ते फक्त मला माहीत आहे.

मग थोडे थांबून, हातातले फळ फिरवीत तो म्हणाला, "मायनं बनियनीवर नंबर शिवला होता. रात्री बसून तो उसवला तिनं. बनियन रोज घालाची होती ना." आणि लगेच, "एवढं काई नाई सर. च्या घ्या, थंडा होऊन राह्यला."

मी चहा घेतला. क्षमा मागितली, पण ती त्याच्यापेक्षा माझ्याच सोयीची वाटली. नंबर उसवणाऱ्या त्या माउलीपर्यंत ती पोहोचली नाही आणि पोहोचली असती तरी तिने तिचे काय केले असते?

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तो अगदी किरकोळ आहे. यादी फळ्यावर लावण्याआधी, ज्यांची नावे त्यात येण्याजोगी होती आणि आली नाहीत, त्यांना एकेकटे बोलावून मी कारण सांगतो. सांगता आले नाही तर यादी पुन्हा लिहितो. या नियमामुळे आजवर दोनदा यादी बदलावी लागली आहे. म्हणजे दोनदा माझ्या पेनाने असे काही लिहिले होते की जे जिभेला पेलले नाही.

यंदा एकाच मुलाला बोलवावे लागले. मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली आम्ही वीस-पंचवीस मिनिटे बसलो. तो रडला. दुसऱ्या मुलाला का घेतले ते मी सांगितले. त्याला ते पटले नाही. त्याने दोन प्रश्न असे विचारले की, त्यांतल्या एकाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि मी तसे कबूल केले. पटायलाच हवे असे मी धरून बसलो नव्हतो. शेवटी तो उठला, चड्डीवरची माती झटकली आणि सायकल घेऊन घरी गेला. यादी तीच राहिली.

दिवाळीच्या फराळाला यंदाही मंडळी जमतील, टपरीवरचे ते गृहस्थही येतील. संघ कुठपर्यंत गेला, हे ते पहिल्याच चकलीला विचारणार आणि त्यावरून माझा निर्णय बरोबर की चूक ते सांगणार. त्यांना मी खरे ते सांगेन. वाचकांना मात्र ते मुद्दामच सांगत नाही.